कोपरा कापलेलं कार्ड

रविवारी सकाळी आमच्या घरी टपालाचं काम चालायचं. चहा झाला की मी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचे. त्यावर लिफाफे, डिंकाची बाटली, कात्री आणि पाणी भरलेली एक खोलगट ताटली मांडायचे. माझे पती शनिवारी प्रयोगशाळेतून येताना आठवड्याची कार्डं पिशवीतून आणत. ते समोर बसून एकेक कार्ड वाचत आणि मी लिफाफ्यावर पत्ता लिहीत असे. वाशीच्या त्या नव्या वसाहतीत तेव्हा इतकी शांतता होती की खाडीपुलावरून आलेली बस डेपोत वळली की आम्हाला घरात कळायचं. आता घराच्या चारही बाजूंना इमारती आहेत आणि टेबलापलीकडची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली आहे. रविवार मात्र तसाच उजाडतो, आणि चहा झाला की माझे हात काहीतरी शोधत राहतात.

ती कार्डं कसली, हे सांगावं लागेल, कारण ती पद्धत आता गेली. एखाद्या संशोधकाचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला की ते लोक त्याला त्या लेखाच्या शंभरेक सुट्या प्रती पाठवत. ज्यांच्या गावी ते नियतकालिक पोचत नसे असे जगभरचे लोक मग लेखकाला एक छापील पोस्टकार्ड टाकत. 'आपल्या पुढील लेखाची एक प्रत पाठवल्यास आभारी होईन', एवढंच त्यावर असे. लेखाचं नाव तेवढं हाताने लिहिलेलं. ज्याने मागितलं त्याला पाठवायचं. तो कोण, कशाला मागतो, हे कुणी विचारत नसे. "हे भिक्षापात्र आहे," माझे पती म्हणत, "दाराशी आलं की घालायचं."

कार्डावरची तिकिटं मी कापून घ्यायचे. कोपरा कापायचा, ताटलीतल्या पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की ते वर्तमानपत्रावर वाळत घालायचं आणि खालचा ओला कागद फेकून द्यायचा. मी वाशीतल्याच एका शाळेत ग्रंथपाल होते. ग्रंथालयासाठी मी परदेशी तिकिटांचा अल्बम करत होते. मुलांनी तिकीट बघावं, नकाशात तो देश शोधावा आणि त्या देशावरचं पुस्तक न्यावं, अशी माझी युक्ती होती.

"आज किती?" मी विचारायचे.

"नऊ. एकावर बेडूक आहे."

"तिकिटावर? काहीतरीच."

"बघ की. हिरवागार. याला आधी पाठवू. ज्या देशात बेडकाला एवढा मान, तिथे माणसं बरी असणार."

आम्ही दोघंही मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेलो. त्यांच्या वडिलांकडे बकऱ्या होत्या. ते सातवीत असताना गावात बकऱ्यांवर रोग आला. तालुक्याहून लस निघाली, पण पेटीतला बर्फ वाटेतच वितळला. लशीतले जंतू दुबळे केलेले असले तरी जिवंत असावे लागतात; ते उन्हाने मेले. मेलेली लस टोचून लोक निर्धास्त झाले आणि आठ दिवसांत गोठे रिकामे झाले. ही हकीगत त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितली. पण त्यांचं पुढचं सगळं काम त्या वितळलेल्या बर्फातून निघालं होतं. बर्फाशिवाय टिकणारी लस त्यांना करायची होती. उन्हात, बैलगाडीत, कुणाच्या घरातल्या कोनाड्यात महिनाभर पडून राहिली तरी जिवंत राहणारी. प्रयोगशाळा खाडीपलीकडे होती. रोज सकाळी डबा घेऊन ते डेपोत जात आणि संध्याकाळी पावणे गावाकडच्या कारखान्यांचा वास वाऱ्यावर यायला लागला की त्यांची बस येई. तो वास सगळ्यांना नकोसा वाटायचा. मला तो ते घरी येण्याचा वास वाटायचा.

माझीही एक हकीगत होती, ती मी त्यांना सांगितली होती. आठवीत असताना मी तालुक्याच्या वाचनालयात एक जाड पुस्तक मागितलं. टेबलामागच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कुठल्या वस्तीतली हे ओळखलं आणि विचारलं, "तुला कशाला हवं गं हे?" पुस्तक तिथेच ठेवून मी परत आले. ग्रंथपाल झाले त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की वाचकाला हा प्रश्न कधी विचारायचा नाही. हवं असेल ते काढून द्यायचं. तो नियम मी पाळत आले आणि त्याचा मला अभिमान होता.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी त्यांचा एक मोठा लेख छापून आला. जंतू कोरडे करून टिकवण्याची त्यांची पद्धत त्यात होती. मात्र लेख धाडण्याआधी त्यांनी त्यातली तीन पानं काढून घेतली होती. संपादकांनी लेखाच्या शेवटी नेहमीची टीप टाकली की सविस्तर कृती लेखकाकडून मागवता येईल. त्या तीन पानांच्या पाच प्रती त्यांनी खाकी पाकिटात घातल्या आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.

"हे वेगळं राहू दे," एवढंच मला म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते दोन महिने मराठवाड्यात होते. खेडोपाडी लस टोचून ती खरंच टिकते का हे बघायचं होतं. प्रयोगशाळेतले एक सहकारी वाशीतच राहत. ते शनिवारी कार्डं माझ्याकडे आणून देत आणि रविवारी मी एकटी टपालाला बसत असे. एका रविवारी एक कार्ड असं निघालं की त्यावर छापील मजकुराखाली निळ्या शाईने आणखी एक ओळ होती: शेवटच्या टिपेत म्हटलेली सविस्तर कृतीही कृपया पाठवावी. मी स्टूल घेतलं, वरच्या कप्प्यातलं खाकी पाकीट काढलं आणि त्यातली एक प्रत लेखाबरोबर लिफाफ्यात घातली. त्या वेळी मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं. कुणीतरी लेख शेवटच्या टिपेपर्यंत वाचला होता. असा वाचक भेटला की ग्रंथपालाचा दिवस चांगला जातो. मी पत्ता लिहिला, मग कार्डाचा कोपरा कापून पाण्यात टाकला, आणि सोमवारी शाळेत जाता जाता लिफाफा साध्या टपालात दिला. ते गावाहून परतले तेव्हा उन्हाने काळे झाले होते आणि भारी खूश होते. पंचवीस दिवस झोळीत फिरलेली लस जिवंत निघाली होती. त्या गडबडीत लिफाफ्याचं सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. रोगजंतूंचं शस्त्र करायचं नाही असा देशादेशांतला करार दहाएक वर्षांपूर्वीच अमलात आला होता. पण तो कोण पाळतं आणि कोण नाही हे बघणारं कुणी नव्हतं. सह्या झाल्या आणि सगळं एकमेकांच्या शब्दावर सोडलेलं. आता त्या देशांची बैठक युरोपातल्या एका शहरात भरायची होती, आणि प्रयोगशाळांमध्ये काय चालतं ते एकमेकांना सांगावं का, किती सांगावं, यावर बोलणं व्हायचं होतं. आपल्याकडून जाणाऱ्या मंडळींबरोबर एक जाणकार म्हणून यांना न्यायचं घाटत होतं. त्याआधी त्यांनी एक टिपण लिहून द्यायचं होतं.

ते कधी विमानात बसले नव्हते. शेजाऱ्यांनी आपला लोकरीचा कोट काढून दिला. तो घालून ते उकाड्यात आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बकऱ्यावाल्याचा मुलगा बघ कसा दिसतो." बाह्या थोड्या लांब होत्या. मी त्या आतून दुमडून टाचल्या.

रविवारी कार्डं बाजूला ठेवून ते टिपण लिहायला बसले, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं.

"पण तुमच्या लशीचा आणि शस्त्रांचा संबंध काय?"

"आत काय भरलंय ते पद्धतीला कुठे कळतं?" ते म्हणाले. "दुबळा जंतू टिकवते, तशी ती सबळही टिकवेल. ज्याला रोग घालवायचा त्याच्या कामाची, आणि ज्याला पसरवायचा त्याच्याही. म्हणून तर ती तीन पानं काढून ठेवली. जो मागेल त्याला आधी पत्र टाकायचं. तू कोण, कुठल्या रोगावर काम करतोस, तुझ्या वर कोण आहे. पटलं तर द्यायची. अजून कुणी मागितलीच नाहीत म्हणा."

"एकाने मागितली होती," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"कधी?"

"तुम्ही गावाकडे होतात तेव्हा."

"मग?"

"मग काय. पाठवली."

ते उठले, स्टूल घेतलं, खाकी पाकीट काढलं. आत चार प्रती होत्या. त्या त्यांनी दोनदा उलटून पाहिल्या.

"कुणाला?"

मला पत्ता आठवेना. लांबलचक परदेशी पत्ते मी दर रविवारी डझनाने लिहीत असे. पण कार्डं तर मी सगळी जपली होती, बुटांच्या खोक्यांत वर्षवार लावून. ग्रंथपालाच्या घरात कागद हरवत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालेसुद्धा. अर्ध्या तासात कार्ड सापडलं. निळ्या शाईची ती ओळ जशीच्या तशी होती. खाली सही होती, म्हणजे एक वळण आणि एक ठिपका. आणि डावीकडे वर, जिथे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापलेला असतो, तिथे काहीच नव्हतं. त्याच्याच मागच्या बाजूला तिकीट होतं. मी कापलेला कोपरा.

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि नसलेल्या कोपऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाई," ते म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते शाळेतल्यासारखं बाई म्हणत. "बाई, तुम्ही तर अख्खा देशच कापून टाकलात."

चिडवायला म्हणून बोलले, पण आवाज कोरडा होता. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून अल्बम घरी आणला. त्या उन्हाळ्यातली तिकिटं मी ओळीने चिकटवली होती. कापलेला कोपरा नेहमीपेक्षा मोठा होता, म्हणजे तिकीटही मोठं असणार. आम्ही कार्ड एकेका तिकिटावर धरून पाहिलं. तेवढ्या मापाची अकरा तिकिटं निघाली, सात देशांची. त्यांच्या मागचे कागद मीच पाण्यात सोडवून फेकून दिले होते. सात देश, आणि त्यांतल्या एका देशात, कुणाच्या तरी हातात ती तीन पानं.

"काही होणार नाही हो," मी म्हणाले. "मागणारा असेल कुणी आपल्यासारखाच."

"असेलही," ते म्हणाले. "पण मला ते ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत मला ठाऊक नाही असं माझ्या कामातलं काहीच बाहेर गेलं नव्हतं."

पुढच्या रविवारी टिपणाचा कागद तसाच कोरा होता. तेवढ्यात बेल वाजली. दिवाळे गावातली एक कोळीण दर रविवारी आमच्या दाराशी टोपली उतरवायची. ती आली होती.

"काय गो बाय, आज तोंड कनाला उतरलंय? मावरा नको का?"

"दे पाव किलो कोलंबी," मी म्हणाले. घासाघीस करायची इच्छा नव्हती, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

आतून त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाला काय विकलं ते लक्षात राहतं का हो तुमच्या?"

"रातंय तं!" तिने हातातली कोलंबी टोपलीत ठेवली. "गेल्या वर्साला शिंपल्या बिघरलेल्या. मना घरा गेल्यावर समाजला. तशीच परत आयले. बारा घरा इकलेल्या, बारा घरा जाऊन सांगला, खाव नका, फेका. एक बाय बोलली, मी तं शिजवल्यान. मी तिचा टोप उचलला नि मोरीन ओतला!"

"भांडली नाही ती?"

"भांडली ना! पन भांडाला जिती तं हाय!"

आठवडाभरात ते पहिल्यांदा हसले. हसता हसता डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला. ती जाऊन कोलंबी सोलून होईपर्यंत त्यांची दोन पानं लिहून झाली होती.

टिपणात त्यांनी म्हटलं होतं की असं ज्ञान कुलपात घालू नये. ज्या देशांत बर्फ नाही तिथेच ते सर्वांत जास्त हवं आहे. पण ज्या प्रयोगशाळेतून ते जाईल तिने वही ठेवावी. कुणी मागितलं, कशासाठी, कुणाला दिलं, आणि घेणाऱ्याने पुढे कुणाला दिलं. देशांनी या वह्या एकमेकांना दाखवाव्यात. उद्या काही बिघडलं तर दारोदार जाऊन सांगता तरी यावं. आणि हे सगळं सुरू करण्याआधी, पहिल्याच पानावर, त्यांनी स्वतःची चूक लिहिली होती. माझ्याकडून अशी तीन पानं गेली आहेत आणि ती कुठे गेली हे मला सांगता येत नाही.

"माझ्याकडून काय?" मी म्हणाले. "मी पाठवली. मी कोपरा कापला. तसं लिहा."

"पाकीट माझं. ते वेगळं का ठेवलंय हे तुला सांगितलं नाही, ती चूक माझी."

"मी विचारायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "तेही आहे."

यापलीकडे त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. मग मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला.

"ते पहिलं पान ठेवू नका. तुम्हाला नेणार नाहीत."

"मग तिकडे जाऊन काय सांगू? तुम्ही वह्या ठेवा, माझं विचारू नका?"

साहेबांनी टिपण वाचलं आणि त्यांना बोलावून सांगितलं, "उत्तम आहे. पहिलं पान तेवढं काढून द्या." यांनी नाही म्हटलं. भांडले नाहीत, नुसतं नाही म्हणाले. पंधरा दिवसांनी कळलं की दुसऱ्या कुणाचं नाव गेलं आहे, आणि टिपणही गेलं आहे, पहिल्या पानाशिवाय. मी कोटाच्या बाह्यांचे टाके उसवले, कोट ब्रश केला आणि शेजाऱ्यांना परत दिला. शेजारीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, जाणं लांबलं वाटतं." मी हो म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. बैठकीत असं ठरलं होतं की रोगजंतूंवर काम करणाऱ्या विशिष्ट प्रयोगशाळांची माहिती देशांनी दरवर्षी एकमेकांना द्यावी. तपासायला अजूनही कुणी नव्हतं, पण निदान सांगायचं ठरलं होतं. त्यांनी ती बातमी तीनदा वाचली आणि कात्री माझ्याकडे सरकवली.

"काप," म्हणाले. "पण आधी मागे काय आहे ते बघ."

मागे साबणाची जाहिरात होती. मी कापली.

त्यानंतर आमच्या रविवारात एक कापडी बांधणीची वही आली. प्रत्येक कार्डाची नोंद त्यात होई. मीच रकाने आखले होते, ग्रंथालयाच्या नोंदवहीसारखे, फक्त एक रकाना जास्त: 'कशासाठी'. तो शब्द लिहिताना मला तालुक्याचं वाचनालय आठवलं. मी थांबले, तसं त्यांनी पाहिलं.

"तू विचारशील तेव्हा तो प्रश्न वेगळा असेल," ते म्हणाले. "त्याला पुस्तक द्यायचंच नव्हतं. तुला द्यायचंय."

त्या सात देशांत या विषयावर काम करणारे जे जे त्यांना ठाऊक होते, त्या सगळ्यांना त्यांनी पत्रं टाकली. चाळीसेक असतील. आम्ही अमुक पानं पाठवली होती, ती आपल्याला मिळाली का, मिळाली असतील तर कृपा करून कळवा. काहींची उत्तरं आली: नाही, आम्ही मागितली नव्हती. बाकीच्यांची आली नाहीत. पोस्टमनच्या सायकलची घंटा झाली की ते गॅलरीत जात, आणि परत येताना माझ्याकडे न बघता येत. दोन वर्षं हे चाललं. माझी चूक त्यांनी अशी पायात काट्यासारखी घेऊन चालावं आणि ते लंगडणं मला दिसू नये म्हणून सावकाश चालावं, हे मला बघवत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात एका दुपारी प्रयोगशाळेतच त्यांचं हृदय थांबलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बूट काढता काढता नेहमीचंच विचारलं होतं, "काही आलं?" मी म्हणाले होते, "विजेचं बिल." आमचं शेवटचं बोलणं ते नव्हतं, पण मला तेच आठवतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या गावाहून सहा-सात माणसं आली. एका म्हाताऱ्याने तसबिरीपुढे हात जोडले आणि मला म्हणाला, "बाई, आमच्या गावात आता बकरं मरत न्हाई." मला ते यांना सांगावंसं वाटलं. त्या दिवसांत कितीतरी गोष्टी मला त्यांना सांगाव्याशा वाटत होत्या.

कार्डं येतच राहिली. लेखक वारले हे जगाला एकदम कळत नाही. प्रयोगशाळेतले तेच सहकारी ती आणून देत आणि मी दर रविवारी उत्तर लिहीत असे: ते आता नाहीत, प्रत सोबत आहे. वहीत नोंद करी. तिकीट कापणं मी सोडलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक जाड पाकीट आलं. आत टंकलिखित पत्र होतं, एका बाईंचं. त्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका देशात जनावरांच्या लशीच्या केंद्रावर काम करत होत्या. तो देश आमच्या सातांपैकी होता. मध्ये त्यांची बदली झाली होती, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचं आमचं पत्र खूप हिंडून आता त्यांच्या हाती पडलं होतं. ती तीन पानं मीच मागितली होती, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही काही न विचारता पाठवलीत याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. आमची लस आता उंटावरून चार दिवस जाते आणि पोचते तेव्हा जिवंत असते. तुम्हाला आभाराचं पत्र लिहायचं राहिलं, त्याची क्षमा असावी. खाली निळ्या शाईने सही होती. एक वळण आणि एक ठिपका.

मी ते दारातच उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर आत वळले आणि "अहो" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. घरात पंखा फिरत होता. एवढी चांगली बातमी हातात घेऊन मी त्या खोलीत किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

त्या देशाची चार तिकिटं अल्बमात आहेत. त्या मापाचं एकच आहे: तांबड्या चोचीचा एक पक्षी, वाळूवर एका पायाने उभा.

पत्र आलं त्याच रविवारी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि उत्तर लिहायला बसले. ते गेल्याचं लिहिलं. बकऱ्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं लिहिलं. मग पेन थांबलं. एवढ्या आनंदाच्या पत्राला प्रश्न विचारणं मला जड जात होतं. टेबलामागचा तो माणूस माझ्याच खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटत होतं. तरी मी लिहिलं: ती पानं आपण पुढे कुणाला दिली का? दिली असतील तर कृपया नावं कळवावीत. अविश्वास म्हणून विचारत नाही. माझ्या पतींना हे माहीत असायला हवं होतं, म्हणून विचारते.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. बाईंना राग आला नव्हता. त्यांनी पानं दोघांना दिली होती. एक शेजारच्या देशातले त्यांच्यासारखेच लशीचं काम करणारे. त्यांचा पत्ता दिला होता. दुसरे गृहस्थ काही महिने केंद्रावर शिकायला आले होते. ते नोकरी सोडून गेले आणि आता कुठे आहेत हे ठाऊक नाही. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, मीही आता वही केली आहे. आधीच करायला हवी होती.

मी आमच्या वहीत दोन ओळी वाढवल्या. पहिली भरली. दुसऱ्या ओळीत नाव आहे, जुना पत्ता आहे आणि शेवटचा रकाना कोरा आहे. त्या पत्त्यावर मी दोनदा पत्र टाकलं; दोन्ही शिक्के मारून परत आली. आता दुसरीकडून शोधते आहे. यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना विचारते, बाईंना विचारते, बाईंनी सांगितलेल्या तिसऱ्याच कुणाला विचारते. परत आलेले लिफाफे खोक्यात आहेत, तिकिटांसकट, कोपऱ्यांसकट.

या रविवारी आणखी एक पत्र लिहायचं आहे. वर्तमानपत्र पसरून झालं आहे. भिंतीजवळची खुर्ची मी ओढून टेबलापाशी आणली आहे. तिकडून कुणी "आज किती?" म्हणून विचारलं, तर सांगायला माझ्याकडे एक आकडा आहे. एकच राहिलंय, म्हणेन.